बाईसाहेबांचे घोडे

येवल्याला आपण बायका जातो त्या पैठणी घ्यायला. मीही तशीच गेले होते, नणंदेच्या मुलीच्या लग्नाची खरेदी होती. नेमका मंगळवार निघाला. मंगळवारी येवल्यात घोड्यांचा बाजार भरतो, हे नाशकात इतकी वर्षं राहून नुसतं ऐकून होते. मग काय, दुकानातलं बिलाचं काम होईपर्यंत आम्ही दोघी तिकडे एक चक्कर मारून आलो.

एका पांढऱ्याशुभ्र घोडीभोवती पाच-सहा माणसं उभी होती. त्यातल्या एका आजोबांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले. मग कपाळावरचे, मानेवरचे, छातीवरचे भोवरे पाहिले. एकेक पाय उचलून खूर पाहिले. चालवून पाहिली, पळवून पाहिली. अर्धा तास झाला तरी किमतीचा शब्द नाही! एवढी चौकशी तर आपण स्थळ बघतानाही करत नाही, असं नणंद माझ्या कानात पुटपुटली. त्या सगळ्या गर्दीत बायका म्हणाल तर आम्ही दोघीच.

परत येताना मला मात्र एकच बाई आठवत होती. ती त्या बाजारात असती तर आजोबांनी सरळ बाजूला होऊन घोडीचा लगाम तिच्या हातात दिला असता. झाशीची राणी लक्ष्मीबाई!

तशी ती आपल्याला परकी नाही बरं का. तिच्या बरोबरीने लढलेले तात्या टोपे मूळचे येवल्याचे, १८१४ सालचा त्यांचा जन्म. आणि झाशीचे नेवाळकर हे मूळ कोकणातले असले तरी खानदेशात पारोळ्याला त्यांची जहागीर होती. धुळ्याहून जळगावला जाताना पारोळ्याचा भुईकोट किल्ला लागतो ना, तो नेवाळकरांचाच. म्हणजे हिशेबाने ती आपल्याच भागातल्या घराण्याची सून.

लहानपणापासून आपण तिला एकाच रूपात पाहत आलोय. पाठीला मूल, हातात तलवार आणि मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी एक तरी झाशीची राणी असतेच. त्यातलं मूल आणि तलवार आपल्या लक्षात राहते, घोड्याकडे कुणी बघत नाही. तो आपला बसायला दिलेला असतो, खुर्चीसारखा.

पण तिला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं वाचलं की घोडा असा बाजूला राहत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. यज्ञात चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये उत्तरेत गेले आणि ऐन बंडात सापडले. झाशीत राणीच्या आश्रयाला राहिले. वेढ्यातून जीव वाचवून घरी पोचल्यावर त्यांनी पुढे सगळं लिहून काढलं, ते ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये छापून आलं. भटजींची नजर बायकांसारखी बारीक! राणी काय नेसायची, आंघोळीला हंडेच्या हंडे ऊन पाणी कसं लागायचं, सगळं टिपलंय त्यांनी. आणि घोड्यांबद्दल तर ते मोठ्या अभिमानानेच सांगतात. त्या काळी उत्तरेत घोड्याची खरी पारख असलेली तीनच माणसं मानली जायची. एक नानासाहेब पेशवे, दुसरे ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि तिसरी ही झाशीवाली बाई.

त्यांनी दिलेली एक हकिकत मला फार आवडते. एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही सारखेच देखणे, सारखेच तेजदार. बाईसाहेबांनी दोन्हींवर बसून मंडळ धरलं, म्हणजे घोडा गोल रिंगणात फिरवून पाहिला. आणि एकाची किंमत केली हजार रुपये, दुसऱ्याची फक्त पन्नास! बघणारे चाट पडले. दुसऱ्या घोड्याची छाती दुखावलेली आहे, असं त्या म्हणाल्या. सौदागराला ते कबूल करावं लागलं.

ही पारख काही एका दिवसात येत नाही. काशीत जन्मलेल्या मनूची आई ती अगदी लहान असतानाच गेली. वडील मोरोपंत तांबे तिला घेऊन बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला आले. पेशवाई १८१८ मध्येच बुडालेली. बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला दिवस काढत होते. राज्य गेलं होतं पण पागा होती, आणि वाड्यातली मुलं घोड्यावर बसायला शिकत होती. आई नसलेली ही पोर त्यांच्याबरोबर तेच शिकली. आजी-मावशीच्या हाताखाली वाढली असती तर कदाचित तिला रांगोळी आणि ओव्या आल्या असत्या, घोडा नसता आला.

१८४२ मध्ये लग्न झालं. गंगाधरराव वयाने बरेच मोठे, नाटकाचे शौकीन. मनूची लक्ष्मीबाई झाली, राजाची राणी झाली. १८५१ मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात नेवाळकरांच्याच भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव दामोदर ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, गंगाधररावांचं निधन झालं. डलहौसीने दत्तक नामंजूर केलं. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली, किल्ला गेला. राणीने शहरातल्या वाड्यात राहावं आणि महिना पाच हजार घ्यावेत, असं ठरलं.

इथे जरा थांबूया. पंचविशीच्या आसपासची विधवा, पदरात पाच वर्षांचं दत्तक मूल. पेन्शन तिने आधी नाकारली, नंतर घ्यावी लागली, तर नवऱ्याचं कर्ज त्यातूनच फेडा म्हणून सरकारने तगादा लावला. दामोदरच्या नावाचे पैसे तो सज्ञान होईपर्यंत सरकारजमा. त्यातले एक लाख त्याच्या मुंजीसाठी मागितले तर सरकार म्हणालं, आधी जामीन आणा! राणीला स्वतःच्या मुलाच्या मुंजीसाठी सावकारांचे जामीन द्यावे लागले. आपल्यापैकी कितीजणींनी बँकेत, तलाठ्याकडे, कोर्टात हे अनुभवलंय ते मी सांगायला नको. नवरा गेल्यावर आपलं म्हणावं असं काय उरतं, याचा हिशेब राणीलाही चुकला नाही.

तिचं म्हणून जे उरलं, त्यात हे घोडे होते. तिची सकाळ भटजी सांगतात, ती या दिवसांतलीच. पहाटे उठून मल्लखांब, जोर. मग घोडा मंडळावर धरायचा, रपेट करायची, चर-खंदक उडवायचे. कधी हत्तीवरही बसायचं. मग स्नान, पूजा. १८५४ मध्ये जॉन लँग नावाचा वकील तिला भेटला तेव्हा ती पडद्याआडून बोलली होती. पण पहाटेच्या मैदानावर पडदा नव्हता.

जुन्या मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी मिळायचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. साहजिकच शिलेदाराला पगार जास्त आणि मानही जास्त. पण लढाईत घोडा मेला तर बारगिराचं काही जात नसे, शिलेदाराचा संसार मात्र उघड्यावर पडे. म्हणून तो घोड्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. मला वाटतं, राज्य गेलं त्या वर्षी लक्ष्मीबाई शिलेदार झाली.

घोडा बाळगणं म्हणजे काय, हे आपल्याला आता कळत नाही. सोनं तिजोरीत वीस वर्षं पडून राहिलं तरी सोनंच राहतं. घोड्याला रोजच्या रोज चंदी लागते, म्हणजे हरभऱ्याचा खुराक. खरारा लागतो. मोतद्दार लागतो, नालबंद लागतो. आणि एवढं सगळं नोकरांनी केलं तरी तो तुमचा होत नाही. तुम्ही स्वतः रोज त्याच्या पाठीवर बसलात, तरच त्याला तुमच्या मांडीचा दाब कळतो, तुमचा आवाज कळतो. हे कर्ज काढून किंवा जामीन देऊन मिळत नाही. आणि सरकारला ते जप्तही करता येत नाही.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १८५७ च्या जूनमध्ये झाशीत बंड झालं, कारभार पुन्हा राणीच्या हाती आला. १८५८ च्या मार्चअखेर ह्यू रोजने वेढा दिला. तात्या टोपे मदतीला धावून आले, पण १ एप्रिलला बेतवा नदीवर त्यांचा पराभव झाला. ३ तारखेला इंग्रज शहरात शिरले. रस्तोरस्ती कत्तल, आगी. ४ तारखेच्या रात्री बाईसाहेब किल्ल्याबाहेर पडल्या. भटजी सांगतात, पांढऱ्या घोड्यावर, पाठीशी मूल बांधून.

चित्रात ते मूल तान्हं दाखवतात. दामोदर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता! तिसरी-चौथीतला मुलगा पाठीशी घेऊन स्कूटरवर जाऊन बघा दहा किलोमीटर. इथे अंधार, खडबडीत वाट आणि मागे इंग्रजांचे स्वार. सकाळी भांडेरला, म्हणजे वीसेक मैलांवर, मुलाला खाऊ घालायला थांबल्या तोवर लेफ्टनंट डाऊकर येऊन ठेपला. चकमकीत तो जखमी झाला, बाईसाहेब निसटल्या. काल्पीपर्यंतचं अंतर शंभर मैलांच्या आसपास. म्हणजे नाशिक-मुंबई समजा. ते एका दिवस-रात्रीत कापलं. काल्पीला पोचल्यावर घोडा कोसळला आणि गतप्राण झाला, असं सांगतात. सारंगी, पवन, बादल अशी तिच्या घोड्यांची नावंही लोकांच्या तोंडी आहेत. यातलं कुठलं नाव त्या रात्रीचं, यावर वाद घालण्यात मला रस नाही. ती दौड विकतच्या किंवा उसन्या घोड्यावर झाली नसती, एवढं मात्र नक्की वाटतं.

काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना त्या पुन्हा दिसल्या. पठाणी वेश, अंगभर धूळ, चेहरा लाल झालेला. भटजी पाणी काढायला पुढे झाले तर त्यांना थांबवलं. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतः दोर ओढला आणि ओंजळीने प्यायल्या. आपण विधवा, आपल्याला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलून गेल्या. आणि पुन्हा घोड्यावर बसल्या.

मे महिन्यात काल्पीही पडली. १ जूनला या सर्वांनी ग्वाल्हेर घेतलं, जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. शिंद्यांचा खजिना हाती आला, पागाही. रावसाहेब पेशव्यांचा दरबार भरला, जेवणावळी झाल्या. या थाटात राणीला रस नव्हता, इंग्रज येणार हे तिला दिसत होतं. १७ जूनला ग्वाल्हेरजवळ कोटा की सराईला लढाई जुंपली. तिचा अंत नेमका कसा झाला, याच्या इंग्रजी हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती अशी: तिच्याजवळ तेव्हा शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा होता. मागे गोरे स्वार लागले, पुढे एक लहानसा नाला आला आणि घोडा तिथे अडला. पुढे-मागे होत गोल फिरू लागला, उडी काही घेईना. तेवढ्यात स्वारांनी गाठलं. तिची तिशीही उलटली नव्हती.

पाच-दहा मिनिटं घोडा फिरवून त्याची छाती ओळखणारी ही बाई. त्या नव्या घोड्यावर मांड टाकल्याबरोबर तिला काही कळलं नसेल? मला वाटतं, कळलं असणार. पण महिनाभर रोज पहाटे त्याला चर उडवायला शिकवायचं, तर महिना हवा होता. तिला मिळाले जेमतेम पंधरा-सोळा दिवस, तेही लढाईच्या तयारीचे.

दामोदर वाचला. त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत पुढची हकिकत आहे. राणीची साठेक इमानी माणसं त्याला घेऊन बुंदेलखंडाच्या जंगलात शिरली. जवळ बावीस घोडे आणि साठ उंट. इंग्रजांच्या भीतीने कुठलंही गाव थारा देईना. शेवटी एका गावच्या मुखियाशी बोलणं झालं. महिना पाचशे रुपये, नऊ घोडे आणि चार उंट त्याला द्यायचे, त्याने धान्य पुरवायचं आणि बातमी फुटू द्यायची नाही. नाल्यावर घोडा अडला आणि आई गेली, त्याच महिन्यांत आईच्या माणसांकडचे घोडे असे मुलाच्या भाकरीसाठी जात होते. दोनेक वर्षं अशी निघाली. पैसे संपले, मुखियाने निघा म्हणून सांगितलं. वाटेत राणीचे सोन्याचे तोडे होते, ३२ तोळ्यांचे, ते मोडावे लागले. १८६० मध्ये इंदूरला इंग्रजांनी दामोदररावांना तैनात बांधून दिली. झाशीवर त्यांनी पुन्हा पुन्हा अर्ज केले, ते कुणी ऐकले नाहीत. १९०६ मध्ये इंदूरलाच ते वारले.