एकट्याचा आवाज : बॉबी तल्यारखान

मुंबईच्या मैदानांपासून सव्वाशेहून अधिक किलोमीटर दूर, घोटीसारख्या भाताच्या बाजारपेठेत रेडिओ लावून बसलेल्या श्रोत्याला सामना दिसत नसे. समालोचक जे सांगेल, तेच त्याचे मैदान. या श्रोत्यासाठी बोलण्याची कला भारतात रुजवली ती ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांनी.

१८९७ मध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले तल्यारखान कसोटीपटू नव्हते. मुंबईत १९३४ च्या चौरंगी स्पर्धेतील पारशी विरुद्ध मुस्लिम या लढतीचे त्यांनी नभोवाणीवरून धावते वर्णन केले आणि भारतीय क्रिकेट समालोचनाचा पाया घातला गेला. भरदार आवाज, शब्दांवरील हुकमत आणि विलक्षण दमसास ही त्यांची शिदोरी. उपाहार आणि चहापानाची विश्रांती वगळता दिवसभराचा खेळ ते एकटेच सांगत. शेजारी तज्ज्ञ नाही, आकडेवारी पुरवणारा मदतनीस नाही. चेंडू टाकला गेल्यापासून धाव पूर्ण होईपर्यंतचे चित्र श्रोत्यापुढे उभे करणे, हेच त्यांच्या लेखी जाणकारीचे प्रमाण होते.

क्रिकेटवर प्रेम असूनही त्यातील दोषांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. ज्या धर्माधारित स्पर्धेने त्यांना नाव मिळवून दिले, तिच्याविरुद्धच त्यांनी वृत्तपत्रांतून लेखणी चालवली. पंचरंगी झालेली ही स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली.

एकट्याने बोलण्याचा हट्ट मात्र त्यांना महागात पडला. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा आकाशवाणीने तीन समालोचक नेमण्याचे ठरवले. ध्वनिक्षेपक वाटून घेणे तल्यारखान यांना मान्य नव्हते. तडजोड न करता ते बाजूला झाले. समालोचन पुढे सामूहिक झाले, विजय मर्चंट यांच्यासारखे नामवंत फलंदाजही त्यात आले आणि मैदानावरील अनुभवाला तेथे मानाचे स्थान मिळाले.

तल्यारखान स्तंभलेखनातून अखेरपर्यंत रोखठोक मते मांडत राहिले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे समालोचन इंग्रजीत असल्याने ग्रामीण महाराष्ट्राला ते पुरते उमगणे कठीण होते. ती उणीव पुढे महाराष्ट्राचे माजी रणजीपटू बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या मराठी समालोचनाने भरून काढली. भाषा बदलली, तरी न दिसणारा खेळ श्रोत्याला दाखवण्याची कसोटी तल्यारखान यांनी घालून दिलेलीच राहिली.