बाबा पदमनजी : बोधपर कथेचा वाचक आणि लेखक

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• बाबा पदमनजी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या वाचनाचा व धर्मांतराचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• 'यमुनापर्यटन' या कृतीतील हेतू आणि कथा यांचे नाते तपासता येईल.
• धर्मबोधपर कथावाङ्मय कसे वाचावे, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी कादंबरीचा इतिहास वाचू लागलात की आरंभीच एक प्रश्न तुमच्यासमोर उभा राहतो. १८५७ साली प्रसिद्ध झालेली 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. तिचे लेखक बाबा पदमनजी हे ख्रिस्ती धर्माचे निष्ठावंत प्रचारक होते, आणि ही कथा त्यांनी धर्मबोधाच्या व समाजसुधारणेच्या उघड हेतूने लिहिली. अशा कृतीला कादंबरी म्हणावे की प्रचारपुस्तक? त्या श्रद्धेचा नसलेला वाचक तिच्यातून काय घेऊ शकतो? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी प्रथम लेखकाचे जीवन समजून घेणे आवश्यक आहे. कारण बाबा पदमनजी हे लेखक होण्यापूर्वी वाचक होते, आणि पुस्तके माणसाला बदलू शकतात हा त्यांचा विश्वास स्वानुभवातून आलेला होता.

२. बालपण व शिक्षण

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे त्वष्टा कासार कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घरातील वातावरण धर्मनिष्ठ होते. पूजाअर्चा, व्रतवैकल्ये, सणवार या सर्वांत बालपणी बाबा मनापासून रमत असत. पुढे याच आचारांवर त्यांनी कठोर टीका केली. परंतु त्यांचे बारकावे ते विसरले नाहीत. त्यांच्या लेखनातील घरगुती जीवनाचे चित्रण जिवंत वाटते, त्याचे मूळ येथे आहे.

बेळगावच्या मिशनशाळेत त्यांच्या इंग्रजी शिक्षणास आरंभ झाला. नंतर ते मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन व फ्री चर्च या संस्थांत शिकले. फ्री चर्चची शाळा जॉन विल्सन यांच्या परिश्रमातून उभी राहिलेली होती. तेथे बायबल हा अभ्यासक्रमाचा भाग होता आणि धर्मविषयक चर्चेला मोकळीक होती. जेम्स मरे मिचेल यांच्यासारख्या अध्यापकांचा सहवास बाबांना याच काळात लाभला.

३. वाचन, शंका आणि निर्णय

त्या काळाची कल्पना करून पाहा. छापील मराठी पुस्तक हीच मुळात नवी वस्तू होती. पोथी एकाने वाचावी आणि इतरांनी ऐकावी, ही जुनी रीत. आता लहानसे, स्वस्त, हातात धरून एकट्याने वाचता येईल असे पुस्तक मिळू लागले होते. १८२७ साली स्थापन झालेली मुंबईची ट्रॅक्ट सोसायटी धर्मबोधाच्या पुस्तिका काढीत होती. १८४२ पासून अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघत होते. जॉन बन्यन यांच्या प्रसिद्ध इंग्रजी रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला 'यात्रिकक्रमण' हा मराठी अनुवाद १८४१ साली प्रसिद्ध झाला होता. आत्म्याचा पापाकडून मुक्तीकडे होणारा प्रवास एका वाटसरूच्या कथेतून सांगता येतो, हे या अनुवादाने मराठी वाचकाला दाखवले.

अशा वाचनाने बाबांच्या मनात शंका उत्पन्न झाल्या. पण शंका उत्पन्न होणे आणि निर्णय घेणे यांत मोठे अंतर असते. मधल्या काळात ते परमहंस सभेकडे ओढले गेले. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली ही सभा जातिभेद व मूर्तिपूजा नाकारीत असे, मात्र तिचे कामकाज गुप्तपणे चाले. खाजगीत एक आणि लोकांत दुसरे असे वागणे बाबांना फार काळ मानवले नाही. अखेर १८५४ साली बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत आज सहज लक्षात येणार नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा सरकारने १८५० सालीच केला होता. परंतु कायदा घरातील पंगतीत जागा मिळवून देऊ शकत नव्हता. स्वयंपाकघर, देवघर, लग्नकार्य, श्राद्ध या सर्वांतून असा माणूस एका दिवसात बाहेर पडे. आईवडील, पत्नी, भावंडे यांच्याशी असलेली नाती तुटत किंवा अवघडत. बाबांनाही ही ताटातूट सोसावी लागली. आपल्याच माणसांत परके होणे म्हणजे काय, हे त्यांनी तेविसाव्या वर्षी अनुभवले.

४. 'यमुनापर्यटन' : एक कथा, अनेक विधवा

बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी बाबांनी 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हा काळ ध्यानात घ्या. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला होता. वाद पेटलेला होता. परंतु तो मुख्यतः शास्त्रवचनांच्या आधारे आणि पुरुषांमध्ये चालला होता. ज्यांच्याविषयी वाद होता, त्या स्त्रियांचा आवाज त्यात क्वचितच होता.

बाबांनी कथेचा मार्ग निवडला. यमुना ही शिकलेली तरुण स्त्री. ती आणि तिचा पती विनायकराव हे दोघेही ख्रिस्ती विचारांकडे झुकलेले आहेत. ती दोघे प्रवासास निघतात आणि वाटेत त्यांना निरनिराळ्या घरांतील विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले आहे, कोणी घरच्यांचे टोमणे ऐकत दिवस काढते आहे, कोणी फसवली गेली आहे. यमुना ऐकते, विचारते, समजावते. तोपर्यंत ती दुसऱ्यांच्या दुःखाची श्रोती असते. पुढे विनायकरावाचा अपघाती मृत्यू होतो आणि जे तिने ऐकले तेच तिच्या वाट्याला येते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

या रचनेची 'यात्रिकक्रमणा'शी तुलना करून पाहा. दोन्हींत प्रवास आहे आणि प्रवासात भेटणारी माणसे वाचकाला काही शिकवतात. मात्र बन्यन यांचे प्रदेश रूपकात्मक आहेत. तेथील माणसे म्हणजे गुणदोषांची रूपे. बाबांचा प्रवास ओळखीच्या मराठी मुलखातून होतो, आणि भेटणाऱ्या स्त्रिया वाचकाच्या शेजारघरातील असू शकतात. मराठी कादंबरीतील वास्तवदर्शनाची पहिली खूण अशा रीतीने एका बोधकथेच्या आत उमटली.

दोषही स्पष्ट आहेत. संवाद पुष्कळदा प्रवचनासारखे लांबतात. पात्रांच्या अंतर्मनात लेखक फारसा शिरत नाही. सर्व प्रश्नांचे उत्तर धर्मांतरात आहे, असे कथेचा शेवट सुचवतो. ते न पटणाऱ्या वाचकाला हा शेवट आधीच ठरलेला वाटतो. तथापि, विधवेच्या दुःखाचे जे चित्र मध्ये येते, ते त्या उत्तरावर अवलंबून राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली, तेव्हा तिची नायिकाही यमुनाच होती. तेथे दुःख आहे, पण सुटकेचा मार्ग नाही. दोन्ही यमुना शेजारी ठेवून वाचल्यास मराठी कादंबरीने या अवधीत केलेली वाटचाल तुम्हाला स्पष्ट दिसेल.

५. पुढील कार्य

बाबांनी पुण्यास अध्यापन केले, काही वर्षे मंडळीचे पाळक म्हणून काम पाहिले आणि नंतर आयुष्याचा मोठा भाग लेखन-संपादनास दिला. 'सत्यदीपिका'सारखी नियतकालिके त्यांनी चालवली. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके आहेत. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्तीही त्यांनी तयार केली. धर्मप्रचारासाठी हाती घेतलेली भाषा त्यांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाली होती, हे या कामावरून कळते.

१८८८ साली त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. बालपणापासून बाप्तिस्म्यापर्यंतचा मानसिक प्रवास त्यात येतो. यमुनेच्या प्रवासात लेखक उपदेशकाच्या भूमिकेत होता. येथे तो स्वतःच वाटसरू आहे. म्हणूनच शंका, भीती आणि घरच्यांविषयीची ओढ यांना येथे अधिक जागा मिळते. १९०६ साली बाबा पदमनजी यांचे निधन झाले.

६. हे वाङ्मय कसे वाचावे?

एखादे पुस्तक दुसऱ्याला वाचायला सुचवणे ही जबाबदारीची गोष्ट असते. बोधपर पुस्तकाच्या बाबतीत ती वाढते. कारण ते पुस्तक वाचकाकडे काही मागत असते. असे पुस्तक वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. लेखक मला काय पटवू पाहतो आहे? त्यासाठी त्याने जीवनाचा कोणता भाग दाखवला आहे? आणि त्याचे म्हणणे मला पटले नाही, तरी दाखवलेला भाग खरा उरतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येत असेल, तर त्या कृतीला वाङ्मयीन मूल्य आहे असे समजावे. ही कसोटी केवळ ख्रिस्ती वाङ्मयासाठी नाही. संतचरित्रे, सुधारणावादी नाटके, ध्येयवादी कादंबऱ्या या सर्वांना ती लावून पाहता येईल.

वाचनाचा क्रम म्हणून प्रथम 'अरुणोदय', नंतर 'यमुनापर्यटन' आणि त्यानंतर लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' असा क्रम सोयीचा ठरेल. पहिल्यात धर्मांतर करणाऱ्या पुरुषाचे मन आहे, दुसऱ्यात त्याने रचलेली कथा आहे. तिसऱ्यात, पतीच्या धर्मांतराने जिचे घर विस्कटले आणि जी पुढे स्वतःच्या वाटेने त्याच धर्मापर्यंत आली, त्या स्त्रीचे निवेदन आहे. बाबांच्या पुस्तकांत जी बाजू मागे राहते, ती घरातल्या स्त्रीची बाजू तुम्हाला येथे भेटेल.

७. सारांश

वाचनाने बाबा पदमनजी यांचे जीवन बदलले आणि त्यासाठी त्यांना आप्तांचा दुरावा सोसावा लागला. आपल्या लेखनानेही वाचक बदलावेत, या इच्छेने त्यांनी कथा लिहिली. तिच्या सर्व वाचकांनी त्यांचा धर्म स्वीकारला नाही. परंतु विधवेच्या दुःखाकडे पाहण्याची एक वाट मराठी कादंबरीला त्या कथेने दाखवली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. परमहंस सभा सोडून बाप्तिस्मा घेण्यामागील बाबा पदमनजी यांची भूमिका स्पष्ट करा.
२. 'यमुनापर्यटन'मधील प्रवासाच्या रचनेचे गुणदोष सांगा.
३. तुमच्यावर प्रभाव पाडणाऱ्या एका बोधपर पुस्तकाला या घटकातील तीन प्रश्न लावून पाहा व सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.