नामदेवांची सुई आणि वासुदेवाची टोपी

मार्गशीर्ष लागला की आमच्या गंगाखेडला गोदावरीवरून येणारा वारा बोचायला लागतो. लहानपणी त्या थंडीत गोधडीतून हात बाहेर काढायचे धाडस होत नसे. पण पहाटेच्या अंधारात चिपळ्यांचा आवाज आला की मी ताडकन उठून दार उघडी. दारात वासुदेव उभा असे. पायघोळ झगा, कमरेला शेला, गळ्यात माळा, पायांत घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांची ती उंच निमुळती टोपी. तो स्वतःभोवती गिरकी घेई, तेव्हा कंदिलाच्या उजेडात पिसांचे डोळे हिरवे-निळे चमकत. आई सुपातून जोंधळे आणी. दान झोळीत पडले की वासुदेव पंढरपूरच्या विठोबापासून एकेका गावच्या देवाचे नाव घेऊन ते त्या त्या देवाला पावते करी, आणि पुढच्या दारी जाई.

इतर मुलांना तो पहाटेपुरताच दिसे. मला मात्र तो संध्याकाळीही दिसायचा, कारण आमचे घर शिंप्याचे. अंधार पडला की तो ओट्यावर येऊन बसे, डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांनी माझ्या वडिलांपुढे ठेवी. वर्षभरात ती पावसाने भिजलेली, पिसे झडलेली, कडेने उसवलेली असे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. निजामी राजवटीत शेरवान्या शिवून त्यांचा हात तयार झालेला; पुढे शर्ट-विजारींवर संसार चालला. परंतु टोपीचे काम ते यंत्रावर कधीच करीत नसत. ते सुईदोऱ्याचे काम, आणि तेही रात्री जेवणे झाल्यावर.

ही टोपी कशी तयार होते, हे आज फारसे कुणी पाहिलेले नसते. जाड कापडाचे दोन थर खळ लावून ताठ करायचे, त्यांना निमुळता आकार द्यायचा आणि शेंड्याला पितळी कळस बसवायचा. मग मोरपिसे लावायची. मोर आपला पिसारा श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास आपणहून गाळतो. रानात, बांधावर पडलेली ती पिसे वेचून ठेवलेली असत. पिसे लावायची ती वरच्या ओळीपासून खाली. म्हणजे खालच्या ओळीचे डोळे वरच्या ओळीचे देठ झाकून टाकतात. देठातून सुई घातली तर तो चिरतो. म्हणून दोरा देठाभोवती फिरवून फुलीचा टाका घालावा लागतो. शेवटच्या ओळीचे देठ झाकायला खाली रंगीत पट्टी, तिच्यावर साखळी टाक्याची नक्षी आणि कडेला गोट. एका टोपीला अण्णांच्या चार-पाच रात्री जात. या कामाचा एक पैसाही ते घेत नसत.

थंडीच्या दिवसांत टोप्या सजवून नाचायचे वेड केवळ आपल्याकडे आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये मॉरिस नावाचा जुना लोकनाच आहे. पायांना घुंगरू बांधून, हातात रुमाल किंवा काठ्या घेऊन तो नाचतात. तिथल्या काही भागांत नाचणारे आपल्या टोप्यांना पिसे, फुले, फिती लावतात, आणि हिवाळ्यातच बाहेर पडतात. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावात सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने हा नाच पाहिला आणि पुढे इंग्लंडची लोकगीते व लोकनाच गोळा करण्यात आयुष्य घातले. खरे तर तो नाच त्यांच्या रिवाजाप्रमाणे उन्हाळ्याच्या तोंडचा. पण त्या वर्षी कडाक्याच्या थंडीने बांधकामाची कामे बंद पडली होती, हाताला काम नव्हते, म्हणून चार पैसे मिळावेत यासाठी ती माणसे नाताळात नाचायला निघाली होती. हे वाचले तेव्हा मला आमचा वासुदेव आठवला. पोटासाठी केलेला नाच आणि देवासाठी केलेला नाच यांत रेघ कुठे ओढायची?

अण्णांना शार्पसाहेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना ठाऊक होते ते नामदेव. टोपी मांडीवर असली की ते नामदेवांचे चरित्र सांगत. एकेक ओळ पुरी होताना एकेक प्रसंग. मी ते चरित्र ग्रंथात नंतर वाचले. आधी ते टाक्याटाक्याने ऐकले.

शके ११९२, म्हणजे १२७० च्या कार्तिकातल्या एकादशीचा नामदेवांचा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराण्याचे मूळ गाव नरसी. ते पूर्वी आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नरसी तिकडे गेली. अण्णांनी मात्र ती वाटणी कधी मान्य केली नसती. त्यांच्या लेखी नामदेव परभणीचे आणि नामदेवांच्या घरची जनी गंगाखेडची, एवढे पुरेसे होते. गंगाखेडच्या दमाची ही लेक लहानपणीच दामाशेटींच्या पंढरपूरच्या घरी आली, दळणकांडण करीत तिथेच वाढली, आणि त्याच घरात अभंग रचू लागली. मालकाच्या नावाने गाथा झाली, तीत मोलकरणीचेही अभंग टिकून राहिले. असे घर त्या काळात दुसरे कुठे होते, असे अण्णा विचारीत आणि दाताने दोरा तोडीत.

नामदेवांचे मन शिवणकामात रमेना, ही घरच्यांची तक्रार होती. राजाई बायको, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, मुलगी लिंबाई, एवढा संसार. आणि घरचा कर्ता दिवसभर विठ्ठलाच्या देवळात. गोणाई आणि राजाई यांची विठ्ठलाशी झालेली भांडणे अभंगांतून आली आहेत. अण्णा ती सांगू लागले की आई स्वयंपाकघरातून हटकून खाकरत असे.

मग गोरोबाकाकांचा प्रसंग. तेरच्या गोरा कुंभाराकडे संतमंडळी जमली होती. गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे, हे पाहायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. मडके कच्चे ठरले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो अशी ख्याती, तो माणूस सर्वांदेखत नापास झाला. तो अपमान गिळून नामदेव गुरूच्या शोधात निघाले. परंपरा सांगते, औंढ्या नागनाथाच्या देवळात त्यांना विसोबा खेचर भेटले, तेही पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. माझे पाय जिथे देव नाही तिथे ठेव, असे त्यांनी सांगितले आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. औंढा म्हणजे परभणीकरांच्या पायाखालचे. देवळाचा नंदी मागच्या बाजूला आहे, तो का, याची कथाही नामदेवांचीच. कीर्तन करणाऱ्या शिंप्याला पुजाऱ्यांनी दारातून उठवून मागे पाठवले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले.

हा प्रसंग आला की अण्णांची सुई थांबे. देऊळ फिरले की नाही, हा प्रश्न त्यांच्यासाठी महत्त्वाचा नसावा. माणसाला उठवले होते, एवढे खरे होते.

पुढे ज्ञानदेवांबरोबरची तीर्थयात्रा. पैठण-आळंदीचा विद्वान तरुण आणि पंढरपूरचा शिंपी. यात्रेहून परत आल्यावर १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या वेळी नामदेवांचे वय अवघे सव्वीस. ज्ञानदेवांचा जन्म, यात्रा आणि समाधी यांची कथा आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत नामदेवांनी सांगितली आहे. मराठीत मित्राचे चरित्र लिहिण्याचा आरंभ एका शिंप्याने केला, हे सांगताना अण्णांचा आवाज चढत असे.

आणि नाच? नामदेवांनी वाळवंटातले कीर्तन उभे केले, ते बसून ऐकायचे नव्हे, नाचायचे. कीर्तनाच्या रंगात नाचण्याचा त्यांचा निश्चय मराठी माणसाला पाठ आहे. वासुदेवाच्या सोंगावर ज्ञानदेव, नामदेव, पुढे एकनाथ आणि तुकाराम या सर्वांनी रूपके रचली. पहाटे दारोदार हिंडून झोपलेल्यांना जागे करणारा हा भिक्षेकरी संतांना आपल्यातलाच वाटला असला पाहिजे. अण्णा टोपीचे पैसे का घेत नसत, त्याचे उत्तर इथे होते. पण मला ते फार उशिरा कळले.

मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा गाडला गेला, तो १३३८ साली. नामदेव तिथे गेले. कथा अशी की ढिगाऱ्यातली हाडे कानाला लावून, ज्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोख्याची म्हणून त्यांनी वेचली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला नामदेवांनी दारापर्यंत आणून बसवले. उत्तरेतही ते बरीच वर्षे राहिले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान गावी त्यांचे गुरुद्वार आहे, आणि तिथला मेळा ऐन थंडीत, माघाच्या आरंभी भरतो. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही सगळी शिंप्याची हत्यारे नामस्मरणाच्या कामाला लावलेली आहेत. घरच्यांची तक्रार होती ना, की याचे शिवणकामात लक्ष नाही? हजार-बाराशे मैलांवर, परक्या भाषेत बोलतानाही त्या माणसाच्या हाती सुईच होती. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा अण्णा हवे होते असे वाटून गेले.

१३५० साली नामदेवांनी देह ठेवला. घुमानलाही त्यांची समाधी मानतात. आम्ही वारकरी पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी मानतो. भक्तांचे पाय लागावेत म्हणून ते तिथे पायरी झाले. जनीही त्याच दिवशी गेली, असे परंपरा सांगते.

आता माझे सांगायला हवे. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हिवाळा होता. मी पदवी घेऊन नोकरीच्या अर्जांत गुंतलो होतो. शाळेत असताना एका मास्तरांनी माझ्या जातीवरून वर्गात केलेला विनोद मनात रुतून बसला होता. सुई हातात धरायची नाही, असे मी ठरवून टाकले होते. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वासुदेव टोपी घेऊन आला. अण्णांनी दोन रात्री प्रयत्न केला, तिसऱ्या रात्री टोपी माझ्याकडे सरकवली आणि खालच्या दोन ओळी पुऱ्या करायला सांगितले. मी नाही म्हटले. भिकाऱ्याची टोपी मी शिवणार नाही, असेही म्हटले. वासुदेव ओट्यावरच बसलेला होता.

तो काही बोलला नाही. अर्धवट टोपी झोळीत घालून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो शेल्याचे मुंडासे बांधून आला, तेव्हा गल्लीतली कुत्री त्याच्यावर धावली. नेहमीच्या दोन-तीन घरांची दारे उघडलीच नाहीत. चिपळ्या ऐकूनही त्यांना हा कोण, ते कळले नसावे. टोपी नुसती शोभेची नसते, ती या माणसाची ओळख असते, हे मी खिडकीआडून पाहिले. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसाव्यांच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती बातमी वाचताना मला ती पहाट आठवली. दारावर आलेल्या माणसाला ओळखणे आपण किती चटकन विसरतो!

अण्णांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी नामदेवांची गोष्ट सांगितली नाही, इतकेच. मला ती गोरोबाकाकांच्या थापटण्यासारखी लागली.

नोकरी झाली, बदल्या झाल्या, अण्णा गेले. निवृत्त होऊन मी गंगाखेडला परतलो, त्याला आता काही वर्षे झाली. वासुदेव आता फार थोडे उरले. त्यांची मुले शिकली, कुणी शहरात मजुरीला गेले. टोपी जास्त दिसते ती शाळेच्या स्नेहसंमेलनात, पुठ्ठ्याची. तरी तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एक तरुण दारी आला. त्याच वासुदेवाचा नातू. आजोबा इथे टोपी शिवून घ्यायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. त्याच्या झोळीतली टोपी जुनीच होती. वरच्या ओळी अण्णांच्या, फुलीचे टाके अजून घट्ट. खालच्या दोन ओळी मात्र कुणीतरी डिंकाने चिकटवलेल्या, त्या निखळत होत्या.

मी ती ठेवून घेतली. अण्णांचा अंगुस्ताना पेटीत होता, तो माझ्या बोटाला सैल होतो. सुईत दोरा नातीने ओवून दिला. पहिल्या रात्री चार पिसांचे देठ चिरले. सहा रात्री लागल्या. नात शेजारी बसून होती. हा नामदेव कोण, असे तिने विचारले, तेव्हा मी नरसीपासून सुरुवात केली.