पडद्यामागचा शेरवुड

मागे गॅदरिंगला एका मित्राचं भाषण मी लिहून दिलं होतं. टाळ्या त्याला, मला कटिंग चहा! तेव्हापासून दुसऱ्यांची भाषणं लिहिणाऱ्यांबद्दल मिळेल ते वाचतो. त्यात सगळ्यात आवडला रॉबर्ट शेरवुड.

जन्म १८९६, अमेरिकेत. उंची साडेसहा फुटांहून जास्त. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या पलटणीतून लढला, विषारी वायू सोसला, जखमी झाला. परत आला तो युद्धाचा तिटकारा घेऊनच. पुढे नाटककार म्हणून गाजला. १९३६ च्या त्याच्या युद्धविरोधी नाटकाला पुलित्झर मिळालं. पण हिटलर युरोप गिळू लागला तसं त्याचं मत पालटलं आणि १९४० मध्ये तो राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्यासाठी लिहू लागला.

सोबत न्यायाधीश रोझेनमन आणि हॅरी हॉपकिन्स. रात्र रात्र बसायचे. मसुदा टाईप व्हायचा, रुझवेल्ट खाडाखोड करायचे, पुन्हा नवा मसुदा. जानेवारी १९४१ चं चार स्वातंत्र्यांचं भाषण सात मसुद्यांतून गेलं म्हणतात (आपलं जर्नल दोनदा रिपीट आलं की आपण केवढे वैतागतो!). त्यातला चार स्वातंत्र्यांचा भाग मात्र रुझवेल्टनी स्वतःच सांगून लिहून घेतला. शेरवुडचा उपयोग वेगळा होता. भाषणं रेडिओवर जायची आणि वाक्य कानाला कसं लागतं हे नाटकवाल्याला बरोबर कळायचं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ३० ऑक्टोबर १९४०, बोस्टन. निवडणूक आठवड्यावर. रुझवेल्ट देशाला युद्धात ढकलतील असा विरोधकांचा प्रचार. तुमच्या मुलांना परक्या युद्धात पाठवणार नाही, असं आश्वासन रुझवेल्टनी तिथे दिलं. आधी त्याला जोडलेली, हल्ला झाला तर गोष्ट वेगळी, ही अट या वेळी गाळलेली. एवढं ठाम बोला असा आग्रह धरणाऱ्यांत शेरवुड होता. रुझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं. काँग्रेससमोरचं ते प्रसिद्ध भाषण रुझवेल्टनी सेक्रेटरीला स्वतः सांगितलं. शेरवुड तेव्हा तिथे नव्हताच. मुलं मात्र युद्धावर गेली.

रुझवेल्ट १९४५ ला वारले. १९४८ मध्ये शेरवुडने त्यांच्यावर आणि हॉपकिन्सवर जाडजूड ग्रंथ लिहिला. बोस्टनच्या शब्दांचं खापर तो सहज मेलेल्या साहेबावर फोडू शकला असता. त्याने तसं केलं नाही. आग्रह आपलाही होता, आणि ते शब्द आठवले की अजून आत जळतं, असं त्याने स्वतःच्या नावानिशी छापलं. त्याच ग्रंथाला पुढच्या वर्षी त्याचं चौथं पुलित्झर मिळालं. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला तो गेला.