डेव्हींचा दिवा आणि दाराशी चार्ज होणारी बॅटरी

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी पेटते, त्यामागचा हिशेब साधा असतो. आत तयार होणारी उष्णता बाहेर निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते. उष्णतेच्या या जमाखर्चावर दोनशे वर्षांपूर्वी कोळशाच्या खाणीत उपाय शोधला तो सर हम्फ्री डेव्ही यांनी.

डेव्ही यांचा जन्म १७७८ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावी झाला. लाकडावर कोरीवकाम करणारे वडील १७९४ मध्ये वारले आणि कर्जासह पाच मुलांचा भार आईवर पडला. पुढच्याच वर्षी थोरला हम्फ्री गावातल्या शल्यवैद्याकडे शिकाऊ म्हणून लागला. औषधे तयार करता करता त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. १७९८ मध्ये ब्रिस्टॉल येथे वायूंचा औषधी उपयोग शोधणाऱ्या संस्थेत त्यांना काम मिळाले. तेथे ते नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून परिणामांची नोंद ठेवत. शस्त्रक्रियेतील वेदना या वायूने कमी करता येतील, असे त्यांनी १८०० मध्येच सुचवले होते. वैद्यकाने त्याकडे चार दशकांहून अधिक काळ लक्ष दिले नाही. तोवर रुग्ण शुद्धीवर असतानाच त्यांचे अवयव कापले जात राहिले.

त्याच १८०० साली व्होल्टा यांच्या विद्युतघटाची, म्हणजे पहिल्या बॅटरीची, बातमी युरोपभर पसरली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाल्यावर डेव्ही यांनी मोठमोठे विद्युतघट उभारले. १८०७ मध्ये त्यांनी विजेच्या साह्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पोटॅशियमचा पहिला चमकदार थेंब दिसताच ते प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले, असे त्यांच्या चुलतभावाने नोंदवून ठेवले आहे. पुढे १८१८ मध्ये त्यांनी याच पद्धतीने लिथियमचाही अत्यल्प अंश मिळवला. आजच्या दुचाकींच्या बॅटऱ्या याच मूलद्रव्याच्या संयुगांवर चालतात.

ज्वालाग्राही पदार्थांची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. १८१२ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. लिहिण्यासाठी मदतनीस हवा म्हणून त्यांनी एका पुस्तकबांधणी करणाऱ्या तरुणाला हाताशी घेतले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे.

त्याच वर्षी २५ मे रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील फेलिंग खाणीत मिथेन वायूचा भडका उडून ९२ माणसे आणि मुले मेली. उजेडासाठी ज्योत लागे आणि ज्योतीनेच वायू पेटे. १८१५ मध्ये डेव्ही यांच्याकडे मदत मागण्यात आली. ते स्वतः त्या भागातल्या खाणी पाहून आले आणि काही महिन्यांतच उपाय सापडला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली, तर वायू आत येऊन जळतो, पण ज्वाला बाहेर पडत नाही. जाळीचा धातू ज्वालेतील उष्णता शोषून घेतो आणि बाहेरचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. या दिव्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. अशाच दिव्यावर काम करणारे जॉर्ज स्टीफन्सन यांच्याशी श्रेयावरून मात्र त्यांचा कडवट वाद झाला.

दिवा आला तरी खाणींतील मृत्यू मात्र अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी धोकादायक म्हणून सोडलेले वायूचे थर खणायला घेतले. जाळीमुळे उजेड मंद पडे म्हणून मजूर ती काढून ठेवत. गंजलेली, फाटलेली जाळी तशीच वापरली जाई. जोराच्या वाऱ्याच्या झोतात ज्वाला जाळीबाहेरही येई.

दुचाकीच्या बॅटरीतही कडेकोट आवरण आणि तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा असते. पण मार, पाणी किंवा चुकीचा चार्जर यांमुळे एखादा सेल बिघडला, की तो शेजारच्या सेलला तापवतो आणि साखळी सुरू होते. काही प्रकारच्या सेलमध्ये तापलेल्या घटकांतून ऑक्सिजनही सुटतो. त्यामुळे अशी आग गुदमरवून विझत नाही, ती भरपूर पाण्याने थंड करावी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. धुरातील विषारी वायू भाजण्याइतकेच घातक असतात.

म्हणून बॅटरी जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारापाशी चार्ज करू नये. पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. चार्जर कंपनीने दिलेलाच वापरावा. गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी आणि रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी तपासल्याशिवाय लावू नये. धूर दिसताच सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी धरावे. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. धूर छातीत गेला असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे.

डेव्ही १८२९ मध्ये जिनिव्हा येथे वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारले. त्यांच्या दिव्याने असंख्य मजूर खाणीतून सुखरूप वर आले, पण जाळी जागेवर आणि धड होती तेव्हाच.