द्राक्षाच्या रंगाचे रसायन उलगडणारे विलस्टेटर

काळ्या द्राक्षाचा गर बहुतेक वाणांत फिकट असतो. रंग असतो तो सालीत. हा रंग नेमका कशाचा, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांनी शोधले.

१८७२ मध्ये कार्ल्सरूह येथे ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण म्युनिकमध्ये झाले. पुढे झुरिकमध्ये त्यांनी पानांतील हरितद्रव्याचा अभ्यास केला. १९१२ मध्ये बर्लिनला आल्यावर ते फुलाफळांच्या लाल-निळ्या रंगांकडे वळले. लाल गुलाब आणि निळे कॉर्नफ्लॉवर यांतले मूळ रंगद्रव्य एकच असते, हे त्यांनी दाखवले. काळ्या द्राक्षाच्या सालीतूनही त्यांनी ईनिन हे रंगद्रव्य वेगळे केले. ही सगळी द्रव्ये अँथोसायनिन गटातली. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील कामासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पायावर पुढच्या संशोधकांना रंग कसा भरतो हे कळले. मण्यांत पाणी उतरू लागले की सालीत अँथोसायनिन तयार होऊ लागते. सूर्यप्रकाशाने ते बनवणारी विकरे जोमाने कामाला लागतात. पण उन्हाबरोबर उष्णताही येते. तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास राहिले, तर रंग कमी तयार होतो आणि तयार झालेलाही विघटित होतो. रात्री गार असल्या तर रंग चांगला चढतो. म्हणून उष्ण भागातले बागायतदार घडाला सकाळचे कोवळे ऊन मिळू देतात. दुपारच्या उन्हात मात्र पानांची सावली राखतात. हा रंग खाण्यासाठी वाइन लागत नाही. द्राक्ष सालीसकट खाल्ले की पुरे. मधुमेहींनी मात्र त्यातली साखर हिशेबात धरावी.

विलस्टेटर यांची स्वतःची प्रयोगशाळा मात्र लवकरच सुटली. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मन सैनिकांसाठी विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची गाळणी तयार केली होती. तरीही १९२४ मध्ये, म्युनिक विद्यापीठात नेमणुका करताना ज्यूद्वेष आड येतो हे पाहून, त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी विनवूनही तो मागे घेतला नाही. पुढे कित्येक वर्षे ते सहकारी संशोधिकेला दूरध्वनीवरून प्रयोगांच्या सूचना देत राहिले. १९३९ मध्ये नाझी राजवटीमुळे त्यांना देश सोडून स्वित्झर्लंडला जावे लागले. तिथेच १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले.