महेश्वरचे शुभ्र लुगडे

अहिल्याबाई होळकरांचे चित्र पाहिले नाही अशी बाई आपल्या आळीत सापडणार नाही. हातात शिवपिंडी, डोक्यावरून पदर आणि सर्वांगावर पांढरे वस्त्र. त्या शुभ्र वस्त्राला आपण हात जोडतो. पण ते त्यांच्या अंगावर कसे आले हे फारसे कोणी मनात आणीत नाही. स्मरणिकेसाठी काही लिहा असे सांगण्यात आले तेव्हा मला प्रथम तेच सुचले. कारण पांढऱ्याविषयी आपल्या मनात अजून अढी आहे. हळदीकुंकवाला कोणी सवाष्ण पांढरी साडी नेसून आली की माना वळतात, आणि पती गेलेली एखादी रंगीत नेसली तरी वळतात.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी झाला. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांनी त्यांना आपले चिरंजीव खंडेराव यांच्यासाठी सून करून नेले. १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. बाईंचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस. त्या सती जाण्यास निघाल्या होत्या. मल्हाररावांनी पदर पसरला आणि त्यांना मागे फिरविले. प्राण वाचले, रंग मात्र गेले. त्या दिवसापासून पुढची एकेचाळीस वर्षे त्यांनी रंगीत वस्त्र अंगाला लावले नाही. निमाडातला उन्हाळा असो, नर्मदेचा पूर असो की थंडी असो, लुगडे पांढरेच.

१७६६ त सासरे गेले आणि १७६७ त एकुलता मुलगा मालेरावही गेला. दौलत गिळायला राघोबादादा टपलेले होते. बाईंनी कारभार आपल्या हाती घेतला, फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि महेश्वरास राहून अठ्ठावीस वर्षे राज्य केले. काशीविश्वेश्वराचे देऊळ, सोमनाथ, घाट, विहिरी, धर्मशाळा हे सर्व आपणां सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

बाईंच्या मागून त्या मुलखात आलेल्या माल्कम साहेबाने, त्यांना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा करून ती १८२३ च्या आपल्या ग्रंथात घातली आहे. बाई मध्यम उंचीच्या, किडकिडीत आणि सावळ्या होत्या. गळ्यात एक लहानशी माळ, बाकी दागिना नाही. रूप देखणे नसले तरी चेहऱ्यावर तेज होते, असेही त्याने नोंदले आहे. आता सावळ्या अंगाला पांढरे खुलत नाही असे आपल्या बायका सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. पांढरे काय एकच असते? नीळ जास्त झालेले निळसर पांढरे सावळ्या चेहऱ्याला फिके पाडते, हे खरे. पण कोऱ्या सुताचे, सायीच्या रंगाचे किंवा मोतिया पांढरे त्याच चेहऱ्याला उजळ करते. गोऱ्या व गुलाबी अंगकांतीला मात्र निळसर छटा चालते. दुकानात साडी हनुवटीखाली धरून दिवसाच्या उजेडात पाहिली म्हणजे लगेच कळते.

स्वतः पांढऱ्यात राहिलेल्या या बाईंनी दुसऱ्यांच्या अंगावरचा रंग मात्र कधी हिरावला नाही. थंडी सुरू झाली की त्या आश्रितांना आणि दुबळ्यांना कपडे वाटीत. सिरोंजच्या एका सावकाराच्या विधवेला दत्तक घेण्यासाठी तिथला अंमलदार पैसे मागू लागला, तेव्हा ती मुलासह महेश्वरास आली. बाईंनी अंमलदाराला काढून टाकले, दत्तक मंजूर केले, मुलाला मांडीवर घेतले आणि वस्त्रे व दागिने देऊन पालखीतून परत पाठविले.

बाहेरगावचे कुशल विणकर आणून त्यांनी महेश्वरास वसविले. त्या मागांवरच्या लुगड्यांचे जुने रंग ऐका: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी. काठाची वीण किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी नक्षीवरून घेतलेली. चटई, वीट, लहर अशी तिची नावे. यांतले एकही लुगडे बाईंनी स्वतः नेसले नाही.

याहून मनाला लागते ती मुक्ताबाईची गोष्ट. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने पुष्कळ विनवले, पण लेक ऐकेना. मल्हाररावांनी सुनेला अडविले होते. एवढी राज्यकर्ती आई लेकीला अडवू शकली नाही. नर्मदेकाठी ते पाहून बाईंनी तीन दिवस अन्न घेतले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरासच त्यांनी देह ठेवला.

पुढे तिथले माग मंदावले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी ‘रेहवा’ ही संस्था काढून त्यांना पुन्हा चालना दिली. कोऱ्या पांढऱ्यावर गुलबक्षी काठ असलेली महेश्वरी साडी सावळ्या अंगाला फार शोभते, आणि ती बारा महिने नेसता येते. नेसणारी सवाष्ण असो वा नसो. पहिल्या दोन-तीन धुण्यांना ती गार पाण्यात वेगळी धुवावी, नाही तर काठाचा रंग पांढऱ्यावर उतरतो.